कंबर एक, गुरू अनेक

आपल्या समाजात कलेचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो तो "गुरू कोण?" हा. गाणाऱ्याला घराणे विचारले जाते, नाचणाऱ्याला परंपरा विचारली जाते, आणि उत्तर एका नावात देता आले की विचारणाऱ्याचे समाधान होते. मला हे उत्तर एका नावात देता येत नाही. गेली अकरा वर्षे मी इजिप्तचे 'रक्स शर्की' हे नृत्य शिकते आहे. जगभर ज्याला 'बेली डान्स' म्हणतात ते हेच. या अकरा वर्षांत मला सहा जणांनी शिकवले. त्यांतील पहिलीचे दुसरीशी पटणार नाही, तिसऱ्यांना पहिल्या दोघींची पद्धत मान्य नाही, आणि सहाव्या बाईंना तर आपण कुणाला काही शिकवले याचा पत्ताही नाही. संपादक मंडळाने "छंदाविषयी काहीतरी लिहा" असे सुचवले, तेव्हा छंदाचे कौतुक करण्यापेक्षा गुरूंच्या या संख्येविषयीच लिहावे असे मनात आले. कारण आपल्या मंडळातील दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी (दोघेही संगीताचे चांगले जाणकार) मला याच एका मुद्द्यावर अनेकदा धारेवर धरले आहे. अनेक गुरू करणे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असे त्यांचे म्हणणे. माझे मत निराळे आहे.

प्रथम या नृत्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण नावामुळेच पुष्कळ गैरसमज होतात. 'बेली डान्स' हे नाव इजिप्तने दिलेले नाही. 'पोटाचे नृत्य' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचे ते भाषांतर आहे, आणि ते जगाच्या तोंडी बसले ते १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनामुळे. त्या प्रदर्शनात 'कैरोमधील एक रस्ता' उभा केला होता आणि तिथे नर्तकी नाचत. स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. एका वर्षात एकाच शहरातून पूर्वेची दोन चित्रे अमेरिकेत पोहोचली. त्यांपैकी एकाचा आपण अभिमान बाळगतो आणि दुसऱ्याकडे पाहून नाक मुरडतो. खुद्द इजिप्तमध्ये मंचावरील नृत्याला 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडील नृत्य, असे म्हणतात; घरगुती, मातीतल्या नृत्याला 'बलदी' म्हणतात. 'बलदी' या शब्दात देशी, गावाकडचे, आपले असे सारे अर्थ आहेत.

आता या नृत्याची परंपरा पाहू. गुरू-शिष्य परंपरेत वाढलेल्या आपल्या मनाला येथे पहिला धक्का बसतो, कारण इजिप्तमध्ये हे नृत्य शिकवण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच. मुलगी घरातल्या बायकांना, लग्नघरातल्या पाहुण्यांना पाहत मोठी होते आणि तिच्या अंगात ते आपोआप येते. पदन्यासांना नावे नाहीत, पाठ नाहीत, परीक्षा नाहीत. आज जी नावे प्रचलित आहेत त्यांतील पुष्कळशी परदेशी विद्यार्थिनींनी आपल्या सोयीसाठी पाडलेली आहेत. व्यवसाय म्हणून नाचणाऱ्या बायका निराळ्या. त्यांतील 'घवाझी' नर्तकींना महंमद अलीच्या राजवटीत १८३४ साली कैरोतून हद्दपार करून दक्षिणेकडे, वरच्या इजिप्तमध्ये धाडण्यात आले. कलेवर पोट भरणाऱ्या बायकांना शहराबाहेर काढण्याची बुद्धी कोणत्याही एका देशाची मिरासदारी नव्हे.

पुढे १९२६ साली बदिया मसाबनी या बाईने कैरोत आपले रंगगृह उघडले. घरातल्या चार हात जागेत होणारे नृत्य तिने मोठ्या मंचावर आणले. मंच मोठा झाल्यामुळे पावलांना प्रवास आला, हातांना विस्तार आला आणि सोबतीला मोठा वाद्यवृंद आला. पाश्चात्त्य नृत्यातले तिला हवे ते तिने उचलले. तिच्या रंगगृहातून ज्या दोघी पुढे आल्या त्यांची गोष्ट माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. एक तहिया करिओका आणि दुसरी सामिया गमाल. दोघी एकाच दारातून बाहेर पडल्या. पण त्यांचे जुने चित्रपट पाहिले तर एक दुसरीची गुरुभगिनी असेल असे कुणालाही वाटणार नाही. तहिया जड, स्थिर, जागा न सोडणारी. एडवर्ड सईद यांनी १९९० साली तिच्यावर लेख लिहिला, त्यात ती किती थोडी हलते यातच तिचे सामर्थ्य असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. सामियाचे सारे वाऱ्यासारखे. हात लांबवर पसरलेले, पावले मंचभर फिरणारी. १९४९ साली राजा फारूकने तिला 'इजिप्तची राष्ट्रीय नर्तकी' म्हणून गौरवले. तहियाचे 'करिओका' हे आडनाव तर १९३३ च्या एका हॉलिवूड चित्रपटातील नाचावरून पडले! तिसरी नईमा आकेफ. ही सर्कशीच्या घराण्यात जन्मलेली, कसरतीत तयार झालेली. ज्या कलेला आज 'अस्सल इजिप्शियन' म्हणून आपण हात जोडतो, तिच्या सुवर्णकाळातील तीन प्रमुख बायकांनी मिळेल तिथून घेतले होते. शुद्धतेचा आग्रह मागून आला, आणि तो बहुतेक वेळा बाहेरच्यांनी धरला.

महमूद रेदा (१९३०–२०२०) यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. हा गृहस्थ मुळात जिमनॅस्ट; १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये इजिप्तकडून उतरलेला. १९५९ साली त्यांनी बंधू अली रेदा आणि फरीदा फाहमी यांच्यासह नृत्यपथक काढले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत फिरून तिथले नाच पाहिले आणि त्यांतून मंचासाठी नवे नृत्य रचले. गावकऱ्यांचा नाच जसाच्या तसा मंचावर ठेवल्याचा दावा त्यांनी केला नाही. फरीदाबाईंनी पुढे अमेरिकेत नृत्याच्या मानववंशशास्त्राचा अभ्यास करून १९८७ साली पदव्युत्तर पदवी घेतली. आज जगभर शिकवणाऱ्या अनेक इजिप्शियन शिक्षकांची जडणघडण या पथकात झाली. राकिया हसन त्यांपैकीच. २००० साली त्यांनी कैरोत सुरू केलेल्या महोत्सवाला देशोदेशीच्या विद्यार्थिनी जाऊ लागल्या. एका महोत्सवात आठ-दहा शिक्षक, प्रत्येकाचा वर्ग दोन-तीन तासांचा. 'अनेक गुरू' हा प्रकार असा व्यवस्थेनेच समोर आणून ठेवला आहे.

माझ्या सहा गुरूंपैकी पहिली मुंबईची. शनिवारची ओपीडी आटोपून रात्रीची गाडी पकडायची, रविवारी शिकायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा बडोद्यात राउंडला हजर, असे तीन वर्षे केले. तिने मला सांगाडा दिला. कटी हलताना छाती स्थिर, छाती हलताना कटी स्थिर, गुडघे सैल, पाठीचा कणा लांब. ज्याला या क्षेत्रात 'आयसोलेशन' म्हणतात ते तिच्याकडे घोटून झाले. दुसरी दुबईत भेटली. मुलीकडे गेले की मुक्काम महिनाभराचा असे. ही बाई मूळची कैरोची, पूर्वी मंचावर नाचलेली. ती मोजत नसे आणि समजावतही नसे. गाणे लावायची, पाठमोरी उभी राहायची आणि नाचायची. मागे उभे राहून जमेल तेवढे घ्यायचे. पहिल्या शिक्षिकेकडे मी जे सुटे सुटे करायला शिकले होते, ते सारे या बाईने पुन्हा एकत्र कालवले. तिसरे गृहस्थ कैरोतले, लोकनृत्यांत तयार झालेले. त्यांनी दक्षिणेकडील 'सईदी' शैली आणि काठीचा नाच शिकवला. तिथल्या पुरुषांचा 'तहतीब' हा लाठीचा खेळ २०१६ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला; बायकांचा काठीनाच त्याचीच नखरेल नक्कल आहे, एवढे कळले तरी काठी हातात धरण्याची पद्धत बदलते. चौथी युक्रेनची. तिचे तंत्र चाकूसारखे धारदार, आणि एखादा धडा का जमत नाही हे ती दोन वाक्यांत सांगे. पाचवा तबलजी. सहावी गुरू पुढे येईल.

तबलजीविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपल्या तबल्याशी नामसाधर्म्य असलेले त्यांचे 'तबला' हे वाद्य म्हणजे एकच, पेल्याच्या आकाराचे, मांडीवर आडवे धरून वाजवायचे. २०२० च्या टाळेबंदीत ओपीडी निम्म्यावर आली तेव्हा कैरोतला एक तरुण वादक मला दूरदृश्य माध्यमातून आठवड्यातून दोनदा शिकवू लागला. पहिल्याच दिवशी त्याने मला खुर्चीवर बसवले आणि दोन महिने उठू दिले नाही. त्यांच्याकडे मुख्य बोल दोनच, 'दुम' आणि 'तक'. 'मक्सूम' हा ताल आपल्या केहरव्यासारखा आठ घरांचा मानला तर असा पडतो: दुम तक – तक, दुम – तक –. यातल्या दुसऱ्या घरात 'तक'ऐवजी 'दुम' आला की 'बलदी' होतो. चौथ्या घरात 'तक'ऐवजी 'दुम' आला की 'सईदी'. एकेका बोलाचा फरक. पण त्या एका 'दुम'ने गाव बदलते, पेहराव बदलतो, अंगाचे वजन कुठे टाकायचे ते बदलते. पाच वर्षे नाचूनही हे माझ्या कानाला नीट ऐकू येत नव्हते, कारण शिकवणाऱ्यांनी ते पावलांतून दिले होते. नाचाचा एकही धडा न देणाऱ्या या मुलाने माझा नाच सर्वांत अधिक बदलला. एकाच नृत्यगुरूच्या चरणी निष्ठा वाहून बसले असते तर त्याच्या खुर्चीपर्यंत मी कशाला पोहोचले असते?

आता मतभेदांकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे. 'शिमी' हा या नृत्याचा प्राण, म्हणजे कटीचा अखंड, बारीक थरथराट. मुंबईच्या शिक्षिकेच्या मते तो गुडघ्यांतून निर्माण व्हावा. दोन्ही गुडघे आळीपाळीने वाकवायचे आणि सरळ करायचे, नितंबाचे स्नायू पूर्ण सैल, मग श्रोणी आपोआप डोलते. युक्रेनच्या शिक्षिकेच्या मते गुडघे जवळजवळ स्थिर हवेत. काम नितंबाच्या आणि पोटाच्या तिरक्या स्नायूंचे. दुबईच्या बाईंना विचारले तर त्या हसत, अधिक जोरात नाचून दाखवत. पहिली काही वर्षे मी यांत खरे कोण याचा निवाडा करत बसे. शेवटी एक दिवस आरशासमोर शरीररचनाशास्त्राचे पुस्तक उघडून उभी राहिले तेव्हा लक्षात आले की या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत आणि त्यांना नाव एकच पडले आहे. गुडघ्यातून येणारी शिमी सैल, रुंद आणि दीर्घकाळ टिकणारी, कारण मांडीचे मोठे स्नायू आळीपाळीने विश्रांती घेतात. स्नायू आवळून केलेली बारीक आणि टोकदार. कानून या तंतुवाद्याच्या झणत्काराला शोभणारी, पण लवकर थकवणारी. तबल्याच्या घुमाऱ्याला पहिली हवी, कानूनला दुसरी. एकीच शिक्षिका असती तर एकच शिमी आली असती आणि ती प्रत्येक वाद्यावर लादली असती.

यातून मी एक खूणगाठ बांधली. सहा जणांचे ज्या गोष्टींवर एकमत आहे ते या नृत्याचे व्याकरण: वजन जमिनीकडे, गुडघे मऊ, 'दुम'ला कटी खाली. ज्यांवर मतभेद आहेत त्या शैली, आणि तिथे मला निवड करता येते. पण एकमत कशावर आणि मतभेद कशावर, हे एका गुरूकडे बसून कळण्याचा मार्ग नाही. एका गुरूकडे त्याची लकबही नियमच वाटते.

वैद्यकातील वाचकांना हे पटवण्यासाठी इजिप्तला नेण्याची गरज नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात एका युनिटचे सर सिझेरियनमध्ये गर्भाशय दोन थरांत शिवत, दुसऱ्या युनिटचे एकाच थरात. एक पेरिटोनियम शिवायला लावत, दुसरे ते तसेच सोडून देत, आणि दोघेही दुसऱ्याच्या पद्धतीविषयी ऐकले की भुवया उंचावत. दोघांचेही रुग्ण बरे होऊन घरी जात. आपण रजिस्ट्रार म्हणून युनिटे बदलतो ती याचसाठी ना? सर्जन घडवताना आपल्याला चार हात लागतात हे मान्य, मग नर्तकी घडवताना एकच हात का पुरावा?

येथे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून एक अवांतर गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे नृत्य मुळात प्रसूती सुलभ व्हावी म्हणून निर्माण झाले, असे अनेक वर्गांत मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. मला येणाऱ्या पाहुण्या स्त्रिया तर त्यामुळेच येतात. मी माझ्या रुग्णांना असे काहीही सांगत नाही. पोटाचे, कमरेचे आणि श्रोणीतळाचे स्नायू ओळखता येणे आणि स्वतंत्रपणे हलवता येणे चांगलेच. चाळिशीनंतर तर फारच चांगले. पण कणा मागे वाकवून छाती पुढे काढण्याची जी सवय काही वर्गांत लावली जाते तिने कमरेचा बाक वाढतो आणि पाठ धरते. मुंबईच्या शिक्षिकेने हे पहिल्याच महिन्यात दुरुस्त केले, म्हणून मी वाचले.

आता ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळते. तो पोकळ नाही. बारा गावचे पाणी प्यालेली पण एकाही गावाची न झालेली माणसे या क्षेत्रात रग्गड आहेत. महोत्सवात जायचे, पाच दिवसांत पाच रचना पाठ करायच्या, प्रत्येक शिक्षकाबरोबर छायाचित्र काढायचे, प्रमाणपत्रे गोळा करायची आणि घरी आल्यावर सहा महिन्यांत सारे विसरायचे. आपल्या सीएमईंची आठवण व्हावी असेच हे चित्र आहे: नोंदणी, पिशवी, जेवण, क्रेडिट अवर्स, आणि सोमवारी पूर्वीचेच प्रिस्क्रिप्शन. याला मी अनेक गुरू करणे म्हणत नाही. गुरू व्हायला त्याच्यापाशी इतका काळ राहावे लागते की त्याचे आपल्याला न आवडणारेही अंगात शिरते. दुबईच्या बाईंची मान किंचित तिरकी ठेवण्याची खोड माझ्यात आली आहे आणि ती जात नाही. ती मला आवडत नाही. पण ती त्यांच्याकडे घालवलेल्या काळाची पावती आहे.

आणि घराण्याचा अभिमान सांगणाऱ्यांना मी आपल्याच बडोद्याची आठवण करून देते. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) बडोद्यात फैजमहंमद खाँसाहेबांकडे शिकले, पुढे आग्रा घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे आणि नंतर जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे. तीन घराणी एका गळ्यात. त्या गळ्याला कुणी चिंध्या म्हणाले नाही. उलट बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव त्याच गळ्याकडून शिकले. भास्करबुवा एकेका गुरूकडे वर्षानुवर्षे राहिले, हे माझ्या सहकाऱ्यांचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते बरोबरही आहे. पण मग आपला वाद संख्येचा उरला नाही, मुदतीचा झाला. तेवढे त्यांनी मान्य केले तरी मला पुरे. राहिले शास्त्राधाराचे. अवधूताचे चोवीस गुरू भागवताच्या एकादश स्कंधात आहेत आणि एकनाथांनी त्यांचा विस्तार करून ते मराठीच्या घराघरांत पोहोचवले. पृथ्वी, वारा, अजगर, कुमारी कन्या, बाण करणारा कारागीर, आणि त्याच पंक्तीत पिंगला नावाची गणिका. पारायणात ही ओळ आपण माना डोलावून ऐकतो. गणिकेकडून शिकण्यासारखे काही असते हे मात्र पोथी मिटली की विसरतो.

हा विषय निघालाच आहे तर जी गोष्ट मला सर्वांत अधिक बोचते ती लिहिते. आपल्या मंडळाच्या एका वार्षिक कार्यक्रमात माझे नृत्य ठेवावे की नाही यावर बरीच चर्चा झाली आणि ते ठेवले गेले नाही. लावणी मात्र होती, आणि ती डॉक्टरांच्या कन्यांनी छान केली. माझी तक्रार नाही. शिवाय लावणीलाही हा मान सहजासहजी मिळालेला नाही. पण आपल्याला जे एका संध्याकाळीपुरते अडचणीचे वाटते ते कैरोतल्या नर्तकीला जन्मभर पुरते. करिन व्हान न्यूकर्क या डच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इजिप्तच्या गायिका-नर्तकींविषयीचे आपले पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध केले. लग्नात नर्तकी हवी, तिच्याशिवाय लग्नाला शोभा नाही, पण सून म्हणून नको, हा तिथला पेच त्यात तपशिलाने आला आहे. आपला व्यवसाय इतरांसारखाच एक व्यवसाय आहे, असे त्या बायकांचे साधे म्हणणे.

मी डॉक्टर आहे, मला हे नृत्य पोटासाठी करावे लागत नाही. युक्रेनची शिक्षिकाही स्वतःच्या देशात परतली की सन्मानाने नृत्यशिक्षिका म्हणवते. ज्यांच्या घरातून ही कला आली त्या बायकांना मात्र तिची किंमत अब्रूने मोजावी लागते. २००३ साली इजिप्तच्या सरकारने परदेशी नर्तकींना परवाने देणे थांबवले होते. २००४ साली ती बंदी उठली. त्या वेळी जगभरच्या विद्यार्थिनींनी मोठी ओरड केली. मला त्या बंदीमागचे धोरण पटत नाही, पण स्थानिक नर्तकीची चीड समजते. आम्ही वर्ग भरतो, पोशाख विकत घेतो, परत येऊन आपापल्या गावी शिक्षक बनतो, आणि आमच्या प्रमाणपत्रावर तिचे नाव नसते. अनेक गुरू करण्यातला खरा दोष मला येथे दिसतो. ज्याचा गुरू एक त्याचे ऋण स्पष्ट असते. ज्याचे सहा, तो प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने फेडले असेल. निगुरा माणूस आणि सहा गुरूंचा माणूस यांत वरून पाहता फरक दिसत नाही. दोघेही कुणाचे नाव न घेता चालू शकतात. म्हणून कुठेही नाचण्यापूर्वी हे पदन्यास कुणाकडून आले, हा ताल कुणी शिकवला, हे मी त्या त्या नावांनिशी सांगते. श्रोते कंटाळतात, हरकत नाही. आणि शुल्कात घासाघीस करत नाही. तबलजी अजून दर महिन्याला शिकवतो. मला आता त्याची तितकी गरज आहे की नाही हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

सहावी गुरू राहिली. २०१८ साली ओळखीच्या एका इजिप्शियन भूलतज्ज्ञाच्या भाचीच्या लग्नाला तांता या गावी जाण्याचा योग आला. तिथे त्यांच्या एक आत्याबाई, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे माझ्यासारखी डॉक्टर सांध्यारोपणासाठी धाडील असे, खुर्चीवरून उठल्या आणि एका जुन्या गाण्यावर जेमतेम दोन मिनिटे नाचल्या. पाऊल उचललेच नाही. कमरेचा एकच हेलकावा, तोही प्रत्येक मात्रेवर नाही. गाण्याची ओळ संपली की मगच, जणू ओळ ऐकून झाल्यावर मान्यता दिल्यासारखा. माझ्या नृत्यशिक्षकांनी मला गाण्याबरोबर नाचायला शिकवले होते. गाणे आधी ऐकायचे आणि मागाहून उत्तर द्यायचे, हे मी त्या दोन मिनिटांत पाहिले. पुढे तहियाचे जुने चित्रपट पुन्हा लावले तेव्हा तिथेही तेच होते. इतकी वर्षे ते मला दिसले नव्हते. त्या आत्याबाईंना मी फक्त अभिनंदनाचे दोन शब्द बोलू शकले, तेही मोडक्या अरबीत. मुदतीचा माझाच नियम त्यांनी मोडला, याची मला कल्पना आहे. त्यावर माझ्यापाशी इतकेच उत्तर आहे की त्याआधीची वर्षे इतरांकडे गेली नसती तर ती दोन मिनिटे मला एका वृद्धेचे डोलणे वाटले असते.

मंडळातील काही जणांनी आपल्या मुलींसाठी चौकशी केली आहे, म्हणून व्यवहाराचे लिहून थांबते. पहिली दोन वर्षे एकच शिक्षिका ठेवावी, आणि ती शरीराची काळजी घेणारी असावी. वर्ग सुरू होताना अंग मोकळे करून घेत नसेल तर तिथून परत यावे. दुसरीकडे जाताना पहिलीला सांगून जावे. तिसऱ्या वर्षापासून इजिप्शियन शिक्षक शोधावा, मग तो कितीही अव्यवस्थित शिकवणारा असो. तालवादकाकडे शक्य तितक्या लवकर जावे. माझ्या मते पहिल्याच वर्षी, पण मुली कंटाळतात. गाण्याचा अर्थ कळल्याशिवाय त्यावर नाचू नये, कारण विरहाच्या गाण्यावर हसत नाचणारी मुलगी अरबी जाणणाऱ्याला कशी दिसत असेल याची कल्पना आपण करू शकतो. रविवारी सकाळी साडेसातला आमच्या गच्चीवर तिघी जणी येतात. त्यांना मी नाच शिकवत नाही, ताल ऐकवते. चौथीला जागा आहे. मुंबईच्या आणि कैरोच्या शिक्षकांचे पत्ते माझ्यापाशी आहेत. दवाखान्यात दुपारी एकनंतर दूरध्वनी केल्यास देईन.